एका नावाच्या दोघी

४ जून

प्रिय खारूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, तुझ्या नव्या पाट्यांच्या दुकानाचं कार्डही पोचलं. पण माझ्या हातात यायच्या आधी ते आजीच्या हातात गेलं. लिफाफ्यावर माझं नाव कशाला घातलंस? 'खारूची आई' एवढं लिहिलं असतंस तरी पोस्टमनने बरोबर आणून दिलं असतं. आमच्या दोघींचं नाव एक, आडनाव एक, आणि त्या नावाचं टपाल या घरात आजी उघडतात, हे तुला ठाऊक आहे.

लग्न होऊन आले त्या दिवशीची गोष्ट तू लहानपणी शंभरदा ऐकलीस. दारातून कुणीतरी नावाने हाक मारली आणि सासू-सून दोघीही एकदम 'ओ' म्हणालो. सगळं घर हसलं. आजी म्हणाल्या, "हे असं चालायचं नाही. आजपासून मी थोरली, तू धाकटी." मीसुद्धा हसले होते. तेव्हापासून मी धाकटी. दूधवाल्याची धाकटी, डॉक्टरांची धाकटी, आणि तुझे बाबा तर 'ऐकलंस का' याच्या पुढे कधी गेलेच नाहीत.

तर काय झालं ते ऐक. आजींनी लिफाफा फोडला. पत्रातलं बारीक अक्षर त्यांना लागत नाही, म्हणून कार्ड घेऊन खिडकीशी गेल्या. एकेक अक्षर जुळवत तुझं नाव वाचलं. मग आडनावाच्या जागेवर आल्या आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अगं धाकटे," म्हणाल्या, "पोरीनं माझं नाव लावलं!"

आणि खाली बसल्या. ज्यांनी दुकानाची नवी पाटी ठरली त्या दिवशी 'पोरीच्या नावाची पाटी कोण वाचतं' असं तुला तोंडावर म्हटलं, त्याच गं ह्या. डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "पत्र वाच. मोठ्याने वाच."

मी वाचायला लागले. भाड्याची खोली, पूर्वेची खिडकी, पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दाताचे डॉक्टर. मग ती ओळ आली. कुठली ते तुला माहीत आहे. मी खोकले. पाणी प्यायले. आणि तिच्या खालच्या ओळीपासून पुढे वाचलं.

बाबा दुकानातून आत आले तर मी काही बोलायच्या आधीच आजींनी त्यांना कार्ड दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या नावाला काय कीड लागली होती?" म्हणाले.

"नावाला नाही, अकलेला," आजी म्हणाल्या. "पुतण्याची पाटी कोरून घेतलीस ती कुणाकडून? पोटच्या पोरीकडून!"

खरंच आहे ते. त्यांच्या डोक्यात वाईट काही नव्हतं हे मी आजही म्हणेन. दुकानात सगळ्यांत चांगला हात तुझा, म्हणून नवी पाटी तुलाच दिली. तिच्यावर 'आणि पुतणे' हे शब्द कुणाच्या हातून कोरले जाताहेत ते त्यांना दिसलंच नाही. तू एक अक्षर वाकडं काढलं नाहीस. पाटी घासूनपुसून दिलीस, छिन्नी टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलीस. काम वाईट केलं असतंस तर त्यांना निदान ओरडता तरी आलं असतं.

मग त्यांनी कार्ड उजेडाकडे धरलं. "छापील अक्षरं," म्हणाले. "एवढं शिकवलं आणि शेवटी छापून घेतलं." अंगठ्याच्या नखाने दोन अक्षरांमधली जागा मोजली, नाक मुरडलं आणि कार्ड खिशात ठेवलं. खिशात, बरं का. टेबलावर नाही.

राहिलं माझं. मी रागावलेले नाही. पण नाव म्हणजे काय शेजारचं पातेलं आहे, गरज लागली की उचलून न्यायला? निदान विचारायचं तरी.

जेवणाची हेळसांड करू नकोस. पेन्सिलीची टोकं अजून खातेस का? नाव खारू पडलं ते त्यावरूनच, दुसऱ्यांदा पाडून घेऊ नकोस.

तुझी,
आई

&nbsp;

२१ जून

प्रिय खारू,

या वेळी इस्त्रीवाल्या बाईंच्या पत्त्यावर पत्र पाठवलंस ते बरं केलंस. त्यांनी ते इस्त्रीच्या कपड्यांच्या घडीत घालून दिलं. त्यामुळे पत्रालाही इस्त्री झाली.

तू लिहितेस, 'आत्ताच्या आत्ता आजीला खरं सांग.' इथे बसून बघ म्हणजे कळेल. आजींनी आतापर्यंत दूधवाल्याला सांगितलंय, डॉक्टरांच्या कंपाउंडरला सांगितलंय, समोरच्या शिंप्याला त्याची मशीन थांबवून सांगितलंय. गेल्या हिवाळ्यापासून ज्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या, त्या आता काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. बाबांचा पुतण्या, आपले राजे, त्यांच्या तडाख्यातून रोज पळतात. "शीक जरा," आजी त्याला म्हणतात, "माझी नात माझ्या नावाने दुकान चालवते. तुला अजून 'वैद्य' कोरता येत नाही."

आणि बाबा. ऐक. पहिल्या दिवशी ते बाहेरच्या बाकावर एकटेच बसून होते. इस्त्रीवाल्या बाई कपडे द्यायला आल्या तर त्यांना म्हणाले, "आईचं नाव कोण लावतं? ज्यांचा बाप हरवलाय ते. मी तर इथे समोर बसलोय."

बाईंच्या दोन्ही मुलांना सगळा रस्ता बाईंच्या नावाने ओळखतो, ते का, हेही रस्त्याला माहीत आहे. पण बाई चिडल्या नाहीत. कपडे मोजता मोजता म्हणाल्या, "बाप समोर बसला म्हणून आई कुठे जाते का, दादा?"

बाबा उठून दुकानात गेले. पण त्यांचं दुखणं तेच आहे, खारू. तू त्यांना जिवंतपणी पुसून टाकलंस असं त्यांना वाटलं. मग आजींनी माझं नाव, माझं नाव असा धोशा लावला आणि हळूहळू ते सैल पडले. परवा शिंप्याला सांगत होते, "माझ्या आईचं नाव लावलंय पोरीनं. वाईट काय त्यात? माझ्याकडूनच गेलं की तिच्याकडे."

आता त्यांनी माळ्यावरचा जाड पितळी पत्रा काढलाय. तोच, ज्याला कुणी बोट लावलं तरी ओरडायचे. तुझ्या दुकानासाठी पाटी करताहेत. छापील अक्षरं पुरे झाली म्हणतात. तुझी शाळेतली वही शोधून तिच्यावरची तुझी सही काढून ठेवलीय. आपल्या दुकानाची रीत तुला माहीतच आहे. गिऱ्हाइकाची पाटी साच्याच्या अक्षरात, पण घरच्या माणसाची असली तर ज्याचं नाव त्याच्या हातचं. त्याने कागदावर लिहायचं आणि तेच वळण पितळेवर उतरवायचं. पाटी घेऊन स्वतः यायचं म्हणताहेत.

आता तूच सांग. मी तोंड उघडलं तर पत्रा परत माळ्यावर जाईल, आजी परत अंथरुणाला लागतील. आणि मिळवायचं काय, तर एक नाव, ज्याने मला कुणी हाक मारत नाही.

मला त्याचं काही वाटत नाही. भांड्याला कल्हई लावली काय नि न लावली काय, आमटी तीच.

हे वाक्य मी लिहिलं आणि उठून सगळी भांडी घासली. परत बसले. खोटं लिहिलंय ते तुला कळेलच, म्हणून खोडत नाही.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा आमच्या वर्गाच्या बाईंनी सगळ्या शाळेसमोर नावं वाचली होती. माझं वाचलं. नावाच्या पहिल्या अक्षरावर त्या जरा थांबल्या, चष्मा सारखा केला आणि मग स्पष्ट, खणखणीत म्हणाल्या. माझी आई मागे भिंतीशी उभी होती. घरी जाताना रस्ताभर ती ते नाव बाईंसारखंच म्हणत होती, चष्मा नसताना चष्मा सारखा करून. मला तेव्हा लाज वाटली होती. त्यानंतर इतक्या मोठ्याने ते नाव कुणी उच्चारलं असेल असं आठवत नाही.

एकट्या देवापुढे मी ते घेते. सकाळी दिवा लावला की सगळ्यांसाठी मागून होतं, आणि शेवटी स्वतःसाठी मागताना पूर्ण नाव सांगते. एका घरात दोघी म्हटल्यावर त्याचाही घोटाळा व्हायला नको.

तुला पाठवायच्या पत्रांच्या तिकिटांचा खर्च मी वहीत देवाधर्माच्या सदरात लिहिते. बाबा वही बघतात. एवढं टपाल देवाला कशाला लागतं ते अजून विचारलेलं नाही.

तुझी,
आई

&nbsp;

९ जुलै

प्रिय खारू,

तुझं शेवटचं पत्र तीन ओळींचं होतं. 'खोटी पाटी मी दाराला लावणार नाही. बाबा आले तर मी तोंडावर सांगेन. तू सांगितलंस तर बरं.' बापाची लेक शोभतेस. दोघांच्याही बोलण्यात साखर घालायची म्हटलं तर ती विरघळत नाही.

सांगितलं मी. तुझ्या धाकाने नाही, ते पुढे लिहिते.

तुझं नाव पत्र्यावर कोरून झालं होतं. सुंदर झालंय. आता आडनावाची पाळी आली, आणि बाबांनी कागद-पेन्सिल घेऊन आजींना गाठलं. "आई, तुझ्या हातचं पाहिजे."

आजी मोठेपणी वाचायला शिकल्या, तेही ठळक तेवढंच. लिहिण्याच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. सही म्हणून एक वेटोळं काढतात. पण त्या दिवशी त्यांनी पेन्सिल घेतली. जीभ दातात धरून बराच वेळ प्रयत्न केला. कागदावर वेटोळंच आलं, नेहमीपेक्षा जरा मोठं.

"हे कोर," म्हणाल्या.

"आई, लोकांना वाटेल जिलबीचं दुकान आहे."

आजी खळखळून हसल्या. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली. "धाकटीकडून लिहून घे. नाव काय, एकच आहे." आणि त्या आत जाऊन पडल्या.

बाबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही किराणाची यादी नाही. मोठं लिही."

मी मोठं लिहिलं. एवढं मोठं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं, खारू. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकटं माझं नाव, पुढे-मागे कुणी नाही. बाबा वाकून बघत होते. म्हणाले, "वळण चांगलं आहे गं तुझं. कधी बोलली नाहीस."

त्या 'कधी बोलली नाहीस'ने माझा बांध फुटला. रडले वगैरे नाही. बोलले.

"अहो, हे माझं नाव आहे."

"मग? माहीत आहे की."

"कार्डावरचं म्हणतेय. तिने लावलंय ते माझं. पत्रात तसं लिहिलं होतं, आईंपुढे वाचताना मी तेवढी ओळ गाळली."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली, परत कानावर ठेवली. बाहेर राजे साच्याची अक्षरं डब्यात भरत होते, त्यांचा आवाज येत होता.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला तरी कशाला सांगितलंस?"

"तुम्ही कोरणार म्हणून. बोललेलं विसरता येतं. कोरलेलं पुसता येत नाही, हे तुम्हीच पोरीला शिकवलंत."

त्यांनी पत्र्याभोवती फडकं गुंडाळलं, शिडी लावली आणि तो माळ्यावर ठेवून दिला. माझा कागद मात्र टेबलावर तसाच राहिला. मी तो उचलला नाही, त्यांनीही नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. जेवतात, ताट उचलून ठेवतात, दुकानात जातात. आजी रोज विचारतात, "झाली का रे पाटी?" ते म्हणतात, "पितळ तापलंय, थंड होऊ दे." आजींना ते पटतं. मी स्वयंपाकघरात असते.

बिघडवलं असेन तर मीच बिघडवलं. तुझ्या दाराला पाटी येणार नाही कदाचित आणि बाबाही येणार नाहीत. तू तिथे एकटी, तुला मी आणखी एकटं पाडून बसले, असं मनात येतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावला आणि नाव सांगून मागितलं, तेव्हा मान आपोआप खाली जायची ती गेली नाही. एवढंच तुला कळवायचं होतं.

सध्या पत्र पाठवू नकोस. मी लिहीन.

तुझी,
आई

&nbsp;

१७ जुलै

प्रिय खारू,

हे पत्र घाईत लिहितेय, पोळ्या व्हायच्यात.

काल सकाळी मी भाजी निवडत होते. आजी खिडकीशी बसल्या होत्या. दुकानातून बाबांचा आवाज आला. नावाने हाक मारली. स्पष्ट, पूर्ण नाव, मधलं एक अक्षरही गिळलं नाही.

मी भाजी निवडत राहिले.

"काय रे?" आजी म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "आईला नावाने हाक मारतोस? शिंगं फुटली का तुला?"

"तुला नाही, आई. हिला."

"हिला म्हणजे कुणाला?"

"जिचं नाव आहे तिला."

खोटं नाही सांगत, मी तोवरही उठले नव्हते. दुसरं कुणीतरी 'ओ' देईल म्हणून वाट बघत होते. शेवटी तेच आत आले. एका हातात पत्रा, दुसऱ्या हातात माझा तो कागद. कपाळाला आठ्या.

"हाक ऐकू येत नाही का? हे शेवटचं अक्षर बघ. याचं शेपूट तू खाली ओढतेस की सोडून देतेस? कागदावर एकदा ओढलंस, एकदा सोडलंस. मी नक्की काय कोरू?"

"ओढते," मी म्हटलं.

"मग ओढतो." आणि गेले. बस्स, एवढंच. तू विचारशील आणखी काय म्हणाले, तर आणखी काही म्हणाले नाहीत. मला निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र झालेली दिसली, ती परत निवडली.

आजींनी ऐकलं होतं. त्या मूर्ख नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे माझं नाही ते."

मी जवळ जाऊन बसले. त्यांनी कार्ड मागितलं. बाबांच्या खिशात होतं ते आणून दिलं. त्यांनी ते खिडकीशी धरून पुन्हा एकेक अक्षर वाचलं आणि दुकानाकडे तोंड करून ओरडल्या, "काय रे, पाटीवर वय लिहिणार आहेस का?"

"नाही."

"थोरली, धाकटी, असं काही?"

"नाही आई."

"मग झालं तर. मी ज्यांना सांगितलंय त्यांना परत जाऊन काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही निस्तरा."

संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. लागलं त्यांना, का नाही लागणार. आज पोस्टमन आला. त्या नावाचा लिफाफा होता, गवळ्याच्या सोसायटीचा. मी हात धुऊन येते तो त्यांनी तो न फोडता माझ्या फळीवर ठेवलेला.

"तुझा असेल," म्हणाल्या. "नाहीतर माझा असेल. उघडून बघ."

पाटी झाली. आम्ही दोघं शुक्रवारच्या गाडीने निघतोय, शनिवारी सकाळी पोचू. आजींजवळ इस्त्रीवाल्या बाई राहतील. आपल्या दुकानावरची 'आणि पुतणे' तशीच आहे. मी त्याबद्दल बोललेले नाही, तेही नाही. ते तू आणि ते बघून घ्या, माझा सध्याचा कोटा संपला. पण तू टेबलावर ठेवून गेलेली छिन्नी त्यांनी काल धार लावून पिशवीत घातली. कुणी सांगितलं नव्हतं.

स्क्रू विकत घेऊ नकोस, आम्ही आणतोय. शिडी मात्र शेजाऱ्याकडून मागून ठेव. आजींचा निरोप: पाटी फार वर ठोकू नका, म्हाताऱ्या माणसाच्या नजरेला येईल अशी ठोका, मी येणार आहे वाचायला.

या पत्राखाली सही करत नाही. पाटीवर बघ.